'सातारा' या शब्दात अक्षरे किती?

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि 'दक्षिण सातारा' नावाचा एक नवा जिल्हा नकाशावर आला. हे नाव जेमतेम अकरा वर्षे टिकले. १९६० मध्ये त्याचे 'सांगली' असे नामांतर झाले आणि आज विद्यार्थ्यांना विचारले तर दक्षिण सातारा नावाचा जिल्हा कधी होता, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. मात्र त्या अकरा वर्षांतल्या जन्मनोंदी, खरेदीखते, शाळांचे दाखले यांवर 'जिल्हा दक्षिण सातारा' असेच लिहिलेले आहे. नाव निवृत्त झाले. त्या नावाने लिहिलेले कागद निवृत्त झाले नाहीत. कचेरीतल्या कारकुनाला दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत हे माहीत असावे लागते, नाहीतर दाखला घेऊन आलेल्या माणसाचे काम अडते.

संगणकाच्या भाषांबाबत असाच प्रकार वरचेवर घडतो. एखाद्या भाषेची नवी आवृत्ती येते, काही वर्षे जुनी आणि नवी शेजारी शेजारी नांदतात आणि मग एके दिवशी जाहीर होते की अमुक तारखेनंतर जुन्या आवृत्तीला कोणी वाली नाही. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकाला यात एक प्रश्न पडतोच. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निघालेला लोखंडी नांगर घ्या. त्याचा फाळ जमिनीत घासून झिजतो, तो बदलावा लागतो, हे समजते. भाषेचे काय झिजते? दोन आणि दोन मिळवायची आज्ञा वीस वर्षांपूर्वी बरोबर उत्तर देत होती, ती आजही तेच उत्तर देते. मग चालती भाषा मोडीत का काढायची?

या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. आपण तीन उदाहरणे पाहू. पहिली दोन थोडक्यात आणि तिसरे सविस्तर, कारण त्या तिसऱ्याचा आपल्या मराठीशी थेट संबंध आहे.

पहिले उदाहरण आपल्या प्रयोगशाळांतलेच. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ सालचे आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. दोन्ही सी या भाषेपेक्षा वयाने मोठी, कारण डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत सी तयार केली ती १९७२ च्या सुमारास. तिथेच बिआर्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून सीमध्ये भर घालत जी भाषा घडवली, तिला १९८३ मध्ये सी++ हे नाव मिळाले. आपल्याकडे ती पोचली ती बोरलँड कंपनीच्या टर्बो सी++ या साधनाच्या रूपाने. निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरे अनेक वाचकांच्या डोळ्यांपुढे असतील. एका फ्लॉपीवर किंवा दोन-चार फ्लॉप्यांवर मावणारे, साध्या यंत्रावर चालणारे हे साधन होते. शाळा-महाविद्यालयांच्या खिशाला ते परवडले आणि म्हणून रुजले.

पण टर्बो सी++ बाजारात आले तेव्हा सी++ या भाषेचे प्रमाण रूप ठरलेच नव्हते. ते ठरले १९९८ साली. प्रमाण भाषेत सुरुवातीची 'आयोस्ट्रीम डॉट एच' ही ओळ नुसती 'आयोस्ट्रीम' झाली, आणि 'व्हॉइड मेन' असे लिहिणे तर प्रमाण भाषेला कधीच मान्य नव्हते. इकडे आपल्या वह्यांमध्ये, प्रश्नसंचांमध्ये आणि हस्तलिखित जर्नलांमध्ये तीच जुनी रूपे पुढची वीस-वीस वर्षे लिहिली जात राहिली. सांगलीत किंवा साताऱ्यात बारावीला सी++ मध्ये उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी पुण्याला जातो, नव्या कंपायलरवर आपली पाठ असलेली आज्ञावली टंकतो आणि पहिल्याच ओळीला चूक दाखवली जाते. त्याची समजूत होते की आपल्याला काहीच येत नाही. वास्तविक त्याला तर्क येतो, पुनरावृत्ती येते, सारणी येते. त्याला माहीत नसते ते एवढेच, की तो शिकला ती बोली त्याच्या जन्माच्या आधीच मागे पडली होती. हे त्याला आधी कोणी सांगितले असते तर तो गोंधळ अर्ध्या तासात मिटला असता.

टर्बो सी++ मध्ये पूर्ण संख्येसाठी १६ बिटांची जागा असे. त्या काळच्या प्रोसेसरला तीच सोयीची होती. या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. समजा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या दोन खेपा आल्या, प्रत्येकी २०,००० किलोच्या. या दोन संख्यांची बेरीज टर्बोमध्ये अशा १६ बिटी जागेत ठेवली, की पडद्यावर ४०,००० येत नाही, उणे २५,५३६ येते! मोटारीच्या मीटरमध्ये ९९,९९९ नंतर शून्ये येतात तसाच हा प्रकार आहे. संख्या टोकाला पोचली की पलटी मारून ऋण बाजूला जाते. आजच्या कंपायलरमध्ये हीच जागा बहुधा ३२ बिटांची असते आणि उत्तर बरोबर येते. वर्गात हा प्रयोग जरूर करून दाखवावा. ऊस आणि वजनकाटा ठाऊक नसलेला विद्यार्थी आपल्या भागात सापडणे कठीण.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यात भाषा झिजलेली नाही, तिच्याखालची जमीन सरकली आहे. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी आज्ञावली चालतच नाही. म्हणून आज ज्यांना टर्बो चालवायचे असते ते डॉसबॉक्स नावाची सोय वापरतात. ही सोय नव्या संगणकाच्या पोटात एका जुन्या संगणकाचे सोंग उभे करते. ती मुळात तयार झाली जुने खेळ खेळता यावेत म्हणून. परीक्षेची तयारी खेळाच्या यंत्रावर चालते, याची आम्हाला गंमत वाटते.

दुसरे उदाहरण सी भाषेतल्या 'गेट्स' या आज्ञेचे. कळफलकावरून ओळ वाचून घ्यायची ही आज्ञा शिकवायला फार सोपी, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांची लाडकी. समजा, विद्यार्थ्याच्या नावासाठी आपण २० घरांची पेटी केली आणि गेट्सला सांगितले, नाव वाचून यात ठेव. नाव ६० अक्षरांचे आले तर? गेट्स थांबत नाही. पेटी भरली तरी ते पुढे लिहीत जाते, शेजारच्या घरांत काय ठेवले आहे याची पर्वा न करता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने सोडलेली आज्ञावली आपोआप एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेली आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. ती 'मॉरिस वर्म' या नावाने प्रसिद्ध आहे. तिला आत शिरायला सापडलेल्या वाटांपैकी एक वाट होती गेट्सची.

मग गेट्स दुरुस्त का केले नाही? कारण ते दुरुस्त होण्याजोगे नव्हते. या आज्ञेला पेटी कुठे आहे एवढेच सांगितले जाते, पेटी केवढी आहे हे सांगायला जागाच नाही. दोष यंत्राच्या एखाद्या सुट्या भागात नाही, कराराच्या मसुद्यातच आहे. करार बदलायचा तर ज्यांनी ज्यांनी तो केला त्या सर्वांना नवा कागद करावा लागणार. शेवटी २०११ च्या सी प्रमाणातून ही आज्ञा काढून टाकली. धोका उघड झाल्यापासून तेवीस वर्षांनी!

दुरुस्त होऊ शकणारा दोष आणि दुरुस्त न होऊ शकणारा दोष, हा फरक मनात ठेवून आता तिसऱ्या उदाहरणाकडे वळू.

पायथन ही भाषा खिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने ॲमस्टरडॅममध्ये १९८९ च्या अखेरीस लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिची दुसरी आवृत्ती २००० सालची. तिसरी आली डिसेंबर २००८ मध्ये आणि दुसरीत लिहिलेली आज्ञावली तिसरीत जशीच्या तशी चालणार नाही, हे कर्त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. दुसरीचा शेवटचा अवतार २.७ हा २०१० चा. तो २०१५ मध्ये बंद व्हायचा होता. लोक तयार नव्हते म्हणून २०१४ मध्ये मुदत २०२० पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ निवृत्त झाले आणि राहिलेल्या दुरुस्त्यांसह त्याची अखेरची प्रत त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाली. म्हणजे नवी आल्यापासून जुनी जाईपर्यंत अकरा वर्षांहून अधिक काळ गेला.

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर 'सातारा' हा शब्द घेऊन पाहता येते.

मराठी पहिलीतले मूल सांगेल की 'सातारा'त तीन अक्षरे आहेत: सा, ता, रा. पायथन २ ला, नेहमीच्या पद्धतीने लिहिलेल्या या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर यायचे १८. पायथन ३ उत्तर देते ६. 'सांगली'चेही तसेच, तीन अक्षरे, अठरा आणि सहा. एकाच शब्दाची ही तीन उत्तरे कशी, हे कळले की निवृत्तीचे कारण कळते.

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, संख्या असतात. कोणत्या संख्येला कोणते अक्षर म्हणायचे हा निव्वळ संकेत. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की संकेतात १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे आरामात बसली. एका बाइटमध्ये २५६ संख्या मावतात, म्हणून एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण इतके सवयीचे झाले की ते समीकरण आहे, गृहीतक आहे, हेच विसरले गेले. त्या काळात तयार झालेल्या जवळजवळ प्रत्येक भाषेत हे गृहीतक पायाच्या दगडासारखे बसले आहे.

आपण त्या १२८ मध्ये कुठेच नव्हतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. बाइटच्या उरलेल्या १२८ जागांत भारतीय वर्ण बसवायचे, अशी त्याची योजना. पण छपाईच्या व्यवहारात प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने आपापली सोय पाहिली. इंग्रजी अक्षराच्या जागी कुणी काना ठेवला, कुणी अर्धा त. परिणाम शिक्षकांना चांगला ठाऊक आहे. शाळेत तयार केलेली मराठी प्रश्नपत्रिका छापखान्यात उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ! फाँट सोबत नेला नाही तर मजकूर नेलाच नाही, अशी अवस्था.

यावर उपाय म्हणून युनिकोड आले. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक वर्णाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, फाँट कोणताही असो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली आहे. युनिकोडमध्ये 'सातारा' म्हणजे स, काना, त, काना, र, काना, असे सहा क्रमांक. हे क्रमांक साठवण्याची सध्या सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन. सहा त्रिक अठरा.

पायथन २ बाइट मोजत होते, पायथन ३ वर्णांचे क्रमांक मोजते, आणि मूल अक्षरे मोजते.

आता कोणी म्हणेल, लांबी अठरा आली म्हणून काय बिघडले? बिघडत असे ते असे. समजा, हजेरीपटावरच्या नावांतून पहिले अक्षर काढायचे आहे. पायथन २ 'सातारा'मधून जे 'पहिले अक्षर' काढून देई ते 'स' नसे, 'स'च्या तीन बाइटांपैकी पहिला बाइट असे, म्हणजे 'स'चा एक तृतीयांश तुकडा. प्रमाणपत्रावर बसावे म्हणून नाव वीस घरांत कापले तर काप वर्णाच्या मधोमध पडे आणि शेवटी काळा चौकोन उमटे. याहून वाईट प्रकार पुढेच होता. पायथन २ मध्ये शब्द ठेवायचे दोन प्रकार होते, एक साध्या बाइटांचा आणि दुसरा, २००० साली जोडलेला, युनिकोडचा. हे दोन एकत्र आले की भाषा न विचारता मनाशी ठरवी की बाइटांमधला मजकूर ॲस्कीच असणार. नावे इंग्रजीत असेपर्यंत सारे सुरळीत चाले. 'पाटील' देवनागरीत आले की आज्ञावली जागच्या जागी बंद पडे. करणाऱ्याने इंग्रजी नावांवर तपासून पाहिलेली, निर्दोष म्हणून दिलेली आज्ञावली पहिल्या मराठी नावाला कोसळावी, हा प्रकार जगभर घडत होता. आपल्याकडे मराठीमुळे, जपानात जपानीमुळे, आणि युरोपात तर एखाद्या आडनावातल्या एका टिंबामुळे.

हा दोष गेट्सच्या जातीचा. बाइट म्हणजेच शब्द, हे धरून लिहिलेल्या लाखो आज्ञावल्या होत्या. चित्रे वाचणाऱ्या, जाळ्यावरून माहिती आणणाऱ्या आज्ञावल्यांना बाइटच हवे होते, आणि ते 'शब्द' या नावाने हाताळणे त्यांना सोयीचे होते. शब्दाचा अर्थ बदलला की त्या मोडणार. न बदलला तर 'पाटील' मोडणार. दोघांनाही राजी ठेवणारी दुरुस्ती शक्य नव्हती.

मग हळूच, गाजावाजा न करता अर्थ बदलला असता तर? हे सर्वांत धोक्याचे. भागाकाराचे उदाहरण घेऊ. दोन चाचण्यांत मिळून ३७ गुण मिळाले. पायथन २ मध्ये ३७ ला २ ने भागले तर उत्तर १८ यायचे, कारण दोन्ही पूर्ण संख्या, म्हणून उत्तरही पूर्ण. पायथन ३ मध्ये ते १८.५ येते. शिक्षकाच्या दृष्टीने नवे उत्तर बरोबर. पण एखाद्या जुन्या आज्ञावलीत पानांची किंवा बाकांची संख्या काढताना तो १८ च हवा होता. नाव तेच ठेवून अर्थ बदलला असता तर ती आज्ञावली कोणतीही चूक न दाखवता निराळे उत्तर देत राहिली असती. म्हणून नव्या भाषेला नवा क्रमांक दिला आणि छापण्याच्या 'प्रिंट' आज्ञेला कंसही सक्तीचा केला. पूर्वी कंसाशिवाय चाले, आता कंस नसला की आज्ञावली सुरूच होत नाही. कंसाची ही सक्ती आम्हाला पूर्वी त्रासदायक वाटे. पण तिचा एक फायदा आहे, जुनी आज्ञावली चुकून नव्या भाषेत गेली तर बहुधा पहिल्याच 'प्रिंट'पाशी अडते आणि पुढचे चुकीचे भागाकार वाचतात.

अकरा वर्षे का लागली, याचे कारणही समजण्यासारखे आहे. कोणतीही आज्ञावली एकटी नसते, ती दुसऱ्या कोणी लिहिलेल्या दहा संचांवर उभी असते. ते संच नव्या भाषेत आल्याशिवाय तिला हलता येत नाही, आणि वापरणारे हलल्याशिवाय संचकर्त्यांना घाई नसते. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली तेव्हाही आणे आणि नवे पैसे काही वर्षे एकाच गल्ल्यात होते. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, त्यामुळे प्रत्येक सुट्ट्या पैशाला वाद. 'नवा' हा शब्द १९६४ मध्ये गळाला आणि मग फक्त पैसा उरला. पायथन २.७ हा असाच जोडकाळचा गल्ला होता. नव्या भाषेतल्या अनेक सोयी त्यात आणून ठेवल्या होत्या, म्हणजे लोकांनी दोन्हीकडे चालेल असे लिहावे आणि हळूहळू सरकावे.

पण मग दोन्ही कायमच्या का चालू ठेवल्या नाहीत? येथे लोकांना न दिसणारा खर्च येतो. भाषा चालू असते याचा अर्थ कोणीतरी रोज तिची देखभाल करत असते. सुरक्षेचे एखादे छिद्र सापडले की ते बुजवायचे, नव्या यंत्रावर ती चालते का पाहायचे, जुन्या तक्रारी निवारायच्या. पायथनची ही कामे बहुतांशी स्वयंसेवक करतात. दोन आवृत्त्या म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा, आणि दुसऱ्यांदा करताना ती थोडी वेगळी, कारण आतली रचना वेगळी. निवृत्ती म्हणजे भाषा चालायची थांबते असे नाही. पायथन २ आजही एखाद्या जुन्या संगणकावर बसवलेले असेल तर निमूट चालते. फक्त त्यात उद्या छिद्र सापडले तर ते बुजवायला कोणी येणार नाही. जाळ्याला न जोडलेल्या, एका कोपऱ्यातल्या संगणकावर जुन्या भाषेत वेळापत्रक बनत असेल तर ते लगेच फेकून देण्याचे काहीच कारण नाही. विद्यार्थ्यांची माहिती ठेवणाऱ्या आणि जाळ्याला जोडलेल्या यंत्राची गोष्ट निराळी.

हा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मोठी कंपनी पन्नास माणसे लावून स्थलांतर उरकते. तालुक्याच्या शाळेत कोण्या उत्साही शिक्षकाने लिहून ठेवलेली निकालपत्रकाची आज्ञावली असते, ते शिक्षक बदलून दुसऱ्या गावी गेलेले असतात, आणि आता ती कोणाला उघडताही येत नाही. भाषेच्या कर्त्यांनी अकरा वर्षांची सूचना दिली खरी. ती ऐकायला या शाळेत कोणी नव्हते.

निवृत्ती अटळच असते का? नाही. फोरट्रान ही १९५७ ची भाषा. तिच्या रखवालदारांनी दुसरा मार्ग धरला. नको असलेली गोष्ट आधी 'कालबाह्य' म्हणून यादीत टाकायची, अनेक वर्षे तिथेच ठेवायची, मग फारच थोडी रूपे प्रत्यक्ष काढायची. जुन्या आज्ञावल्या त्यामुळे जगल्या, आणि भाषा मात्र माळ्यावरच्या ट्रंकेसारखी भरत गेली. कोणता मार्ग शहाणपणाचा, यावर तज्ज्ञांचे आजही एकमत नाही. पायथनकर्त्यांनी घाव एकदाच घातला. बाइट आणि शब्द वेगळे केले, आणि त्याच झटक्यात आणखी एक दार उघडले. पायथन ३ मध्ये चलाचे नावही देवनागरीत लिहिता येते. 'गुण' बरोबर ४५ असे लिहा, चालते. आज्ञांचे मूळ शब्द इंग्रजीच आहेत, तरीही आठवीच्या वर्गात हे करून पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो पाहण्यासारखा असतो.

मात्र पायथन ३ चे सहा हेही मुलाचे तीन नव्हे. 'कृष्णा' आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. मुलाला त्या नावात दोन अक्षरे दिसतात, पायथन ३ ला सहा क्रमांक: क, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ण, काना. अक्षर ही आपली कल्पना मोजायला आणखी नियम लावावे लागतात. आणि 'कऱ्हाड' तर फारच मौजेचे आहे. त्यातला लपेटा घेतलेला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून. दोन, साध्या 'र'ला नुक्ता आणि मग हलन्त जोडून. तीन, 'र'ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य सांधणारे चिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र पहिल्यात सहा आणि इतर दोहोंत सात क्रमांक मिळतात, आणि एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले कऱ्हाड सापडत नाही! पहिल्या दोहोंना एक करण्याचा अधिकृत नियम आहे, पायथनमध्ये त्याची सोयही आहे. तिसऱ्याला तो लागू नाही. ही तिसरी रीत युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळची. त्या रीतीने लिहिलेला मजकूर वाचता यावा म्हणून ती अजून मान्य ठेवली आहे.

ती काढून का टाकली नाही? कारण युनिकोडचा नियम भाषांच्या उलट आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांचे क्रमांक हलवले गेले आणि आधी लिहिलेला कोरियन मजकूर अर्थहीन झाला. त्यानंतर ठरले की एकदा दिलेला क्रमांक कधी काढायचा नाही, कधी हलवायचा नाही. आज्ञावली पुन्हा लिहिता येते. लिहिणारा माणूस नसला तरी दुसरा कोणी लिहितो. दस्तऐवज पुन्हा लिहिता येत नाही. ज्याने लिहिला तो गेलेला असतो.

मोडी लिपी आपल्याकडे अशीच निवृत्त झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जाई. छपाईत बाळबोध सोपी पडली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नव्हता, आणि कारकुनी हस्ताक्षरे एकमेकांना लागेनाशी झाली. पण सातारा आणि सांगलीच्या घरांतून, दप्तरांतून जमिनीचे, वतनांचे, देवस्थानांचे मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे थोडे आहेत. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला जागा मिळाली. तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात. विंडोजवर चालणाऱ्या पायथन २ मध्ये युनिकोड वर्णासाठी ६५,५३५ पर्यंतचेच घर होते, त्यामुळे मोडीचे एक अक्षर तिथे दोन म्हणून मोजले जाई. २०१२ च्या पायथन ३.३ पासून ही मर्यादा गेली. आज मोडी 'स' टंकला आणि लांबी विचारली तर उत्तर १ येते.